यंत्राचा डोळा, माणसाचा हात : आपोआप उजळणाऱ्या पडद्याचा इतिहास

१/२२
इतिहासाच्या धाग्यांत बहुधा गडकोट, तह आणि मोहिमा येतात. आजचा विषय त्या मानाने अगदी लहान, नखाच्या टोकाएवढ्या वस्तूचा आहे. अनेक लॅपटॉपांच्या पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या शेजारी, एक बारीक ठिपका असतो. भोवतालचा उजेड मोजणे हे त्याचे काम. उजेड वाढला की पडदा उजळावा आणि अंधारात तो मंद व्हावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. आपल्या मोबाइलवर हे इतके निमूटपणे घडते की त्याकडे आपले लक्षही जात नाही. लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर मात्र ही साधी सोय रुळायला दशकाहून अधिक काळ लागला. तो का लागला, याची ही हकीकत.

२/२२
प्रथम एक गैरसमज दूर करू. उजेड मोजण्याची विद्या अवघड होती, म्हणून हा उशीर झाला असे नाही. ती विद्या दीडशे वर्षांपूर्वीच हाती आली होती. अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. मोजलेला उजेड कोणी कोणाला, कोणत्या भाषेत सांगायचा? त्या आकड्याचा अर्थ कोणी लावायचा? आणि यंत्राचे व माणसाचे मत जुळले नाही, तर अखेरचा शब्द कोणाचा? एकाच कंपनीने यंत्र आणि प्रणाली दोन्ही बनवली असतील, तर हे प्रश्न एका बैठकीत सुटतात. जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांना आणि अभियंत्यांना ते उघड्यावर, चर्चा करत आणि चुकत-माकत सोडवावे लागले.

३/२२
आरंभ समुद्राखालच्या तारांपासून करू. विलोबी स्मिथ हा इंग्रज विद्युततज्ज्ञ समुद्री तारायंत्राच्या तारा टाकणाऱ्या कंपनीत काम करीत असे. याच कंपनीने १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजातून एडन ते मुंबई ही तार अंथरली होती. तार टाकली जात असताना ती कोठे सदोष तर नाही ना, हे सतत तपासावे लागे. त्यासाठी विजेला पुष्कळ अडवणारा पण स्थिर राहणारा पदार्थ हवा होता. स्मिथने सेलेनियमच्या कांड्या निवडल्या. पण चाचण्यांचे आकडे काही केल्या जुळेनात. तीच कांडी एका वेळी विजेला जास्त अडवी, दुसऱ्या वेळी कमी.

४/२२
शोध घेता कारण सापडले : उजेड. कांड्या सरकत्या झाकणाच्या पेटीत ठेवून झाकण बंद केले की रोध सर्वाधिक होई आणि स्थिर राही. झाकण काढताच तो उतरे. उजेडाच्या तीव्रतेनुसार वीज वाहून नेण्याची क्षमता १५ ते १०० टक्क्यांनी वाढत असल्याचे स्मिथने नोंदवले. फेब्रुवारी १८७३ मध्ये हे निरीक्षण ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तारायंत्राच्या दृष्टीने सेलेनियम हा बिनभरवशाचा पदार्थ ठरला. पण उजेडाला विजेच्या भाषेत बोलते करण्याची वाट त्या बिनभरवशाच्या वागण्यातूनच निघाली. आजच्या संवेदकांत सेलेनियम नसते, सिलिकॉनचा प्रकाश-डायोड असतो. कल्पना मात्र त्याच वाटेवरची.

५/२२
आता दुसरा डोळा पाहू, तो म्हणजे आपला. गुस्ताव फेख्नर या जर्मन विद्वानाने एर्न्स्ट वेबरच्या प्रयोगांच्या आधारे १८६० मध्ये एक नियम मांडला : संवेदना उद्दीपनाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात वाढते. साध्या शब्दांत सांगायचे तर, अंधाऱ्या खोलीत एका पणतीशेजारी दुसरी लावली की फरक लगेच जाणवतो. शंभर पणत्यांच्या आराशीत आणखी एक लावली, तर ती कोणाच्या नजरेतही भरत नाही. उजेडाची भर दोन्हीकडे सारखीच, जाणीव मात्र निराळी. हा नियम ध्यानात ठेवावा. दीडशे वर्षांनंतर एका सूत्राची अडचण नेमकी येथेच होणार आहे.

६/२२
या दोन डोळ्यांतील अंतर किती? उजेडाचे माप लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास, कचेरीच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स आणि भर उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. चांदणे आणि ऊन यांत काही लाख पटींचा फरक आहे, तरी आपला डोळा दोन्हीकडे निभावून नेतो. यंत्राने उजेड पाहून स्वतः काही ठरवावे, हा प्रयोग आधी कॅमेऱ्यात झाला. १९३८ मध्ये कोडॅकने ‘सुपर सिक्स-२०’ हा कॅमेरा बाजारात आणला. त्यातील सेलेनियमचा घट उजेड जोखून छिद्र किती उघडायचे हे ठरवी. आपोआप प्रकाश-नियंत्रण करणारा हा पहिला कॅमेरा मानला जातो.

७/२२
लॅपटॉपमध्ये ही सोय ठळकपणे आली ती जानेवारी २००३ मध्ये, ॲपलच्या १७ इंची ‘पॉवरबुक जी४’ मध्ये. स्पीकरच्या जाळीखाली दोन संवेदक दडवलेले होते. खोलीत अंधार झाला की कळफलक आतून उजळे आणि पडदा मंद होई. पाहणाऱ्याला ती जादू वाटे. तिच्यामागचे गुपित साधे होते : संवेदक, पडदा, कळफलक आणि प्रणाली, सारे एकाच घराण्याचे. घरातल्या घरात निरोप पोहोचवायला दुभाष्या लागत नाही. इतर जगात मात्र यंत्र एकाचे, आतील चिप दुसऱ्याची, फर्मवेअर तिसऱ्याचे आणि प्रणाली चौथ्याची. तेथे करारपत्राची गरज होती.

८/२२
त्या करारपत्राचे नाव ‘एसीपीआय’. संगणकाची वीजव्यवस्था प्रणालीच्या ताब्यात कशी द्यायची, याचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केले होते. सप्टेंबर २००४ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत उजेडाच्या संवेदकाला प्रथमच अधिकृत स्थान मिळाले. आता उत्पादकाने फर्मवेअरमध्ये दोन गोष्टी लिहून ठेवायच्या होत्या : या क्षणी उजेड किती लक्स आहे याचे उत्तर, आणि कोणत्या उजेडाला पडदा किती उजळ असावा याचा तक्ता.

९/२२
नियमावलीतील नमुन्याचा तक्ता मोठा बोलका आहे. ३०० लक्सला, म्हणजे कचेरीतील साध्या उजेडाला, पडदा नेहमीच्या १०० टक्क्यांवर. ८० लक्सला ८५, १० लक्सला ७३, पूर्ण अंधारात ७०. उलट दिशेने, १००० लक्सला १५०. उजेड शेकडो पटींनी बदलतो, पण पडदा मात्र बेताने पायऱ्या चढतो-उतरतो. फेख्नरच्या पणत्यांचे मर्म या आकड्यांत उतरलेले दिसते. कागदावर हे सर्व नेटके होते. प्रत्यक्षात अनेक उत्पादकांनी संवेदक बसवलाच नाही. ज्यांनी बसवला, त्यांतील अनेकांनी आपापली खासगी बोली वापरली.

१०/२२
लिनक्सकारांचा पहिला सामना या बोलीभाषांशी झाला. इंटेल चिपच्या ॲपल लॅपटॉपांसाठी ‘ॲपल-एसएमसी’ हा ड्रायव्हर जुलै २००७ मध्ये कर्नलच्या २.६.२२ या आवृत्तीत आला. तो उजेड सांगे तो कंसातील दोन आकड्यांत : एक डावा, एक उजवा. लक्सचा पत्ता नाही. असूसच्या ड्रायव्हरमध्ये आकडा वाचण्याऐवजी संवेदक चालू-बंद करण्याची कळ आणि त्याच्या संवेदनशीलतेची पातळी ठरवण्याची सोय होती. पुढचे सारे फर्मवेअर आपल्या मनाने करी. प्रत्येक यंत्रासाठी वेगळी आज्ञावली लिहायची, तर हे काम कधीच संपणार नव्हते. हवी होती एक समान भाषा.

११/२२
ती भाषा घडवण्याचा प्रयत्न जोनाथन कॅमेरून या विकासकाने केला. उजेडाच्या संवेदकांसाठी कर्नलमध्ये एक छोटा स्वतंत्र विभाग असावा, अशी त्याची योजना होती. २०१० च्या आरंभी ती लिनस टोरवाल्ड्सपुढे गेली आणि त्याने ती स्वीकारली नाही. एवढ्याशा उपकरणासाठी स्वतंत्र विभाग कशाला? कळफलक, उंदीर यांच्याप्रमाणे उजेडाचा संवेदकही बाहेरची खबर आत आणतो, मग त्याला त्यांच्याच पंक्तीत का बसवू नये? असा त्याचा आक्षेप होता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की कळ दाबणे ही माणसाने केलेली कृती आहे, आणि उजेड ही सतत मोजत राहण्याची राशी आहे. दोन्हींची जात निराळी.

१२/२२
हा वाद वरवर दप्तर कोणत्या कपाटात ठेवायचे याचा वाटतो. पण कपाट ठरले नाही तर दप्तर कोणालाच सापडत नाही. अखेर संवेदकांना घर मिळाले ते ‘आयआयओ’ या विभागात. तोही कॅमेरूननेच सुरू केलेला. तापमान, दाब, त्वरण, उजेड अशा सर्व मापनांसाठी ही एकच चौकट होती. २००९ पासून ती कर्नलच्या ‘स्टेजिंग’ या उमेदवारीच्या दालनात होती. २०१२ मध्ये ३.५ या आवृत्तीत तिचा गाभा मुख्य इमारतीत आला. आता कोणत्याही संवेदकाचा कच्चा आकडा आणि त्याला कितीने गुणायचे तो गुणक, दोन्ही ठरलेल्या नावाच्या फाइलींत मिळू लागले. गुणाकार केला की लक्स.

१३/२२
याच सुमारास यंत्रांच्या बाजूनेही एक पाऊल पडले. यूएसबीच्या मानकात संवेदकांसाठी नवे पान जोडले गेले आणि २०१२ च्या विंडोज ८ ने ते उचलून धरले. टॅब्लेटसारख्या वापरता येणाऱ्या लॅपटॉपांत ‘संवेदक-हब’ दिसू लागला : सर्व संवेदकांची खबर गोळा करून एकाच ठराविक भाषेत सांगणारी चिप. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.७ आवृत्तीत तिचा ड्रायव्हर आला. तो लिहिला होता इंटेलच्या श्रीनिवास पंड्रुवाडा यांनी. स्पर्धक प्रणालीसाठी ठरलेल्या मानकाचा लाभ मुक्तस्रोत जगालाही झाला, कारण मानक उघडे होते. उघड्या नियमांचे मोल अशा वेळी कळते.

१४/२२
डोळा मिळाला; आता हात पाहू. पडद्यामागचा दिवा कमी-जास्त करणे हे काम सोपे वाटते, पण तेथे निराळेच नाट्य चालू होते. संगणक सुरू होताना फर्मवेअर प्रणालीला एक प्रकारे ‘तू कोण?’ असे विचारते. लिनक्स ‘मी विंडोज’ असे उत्तर देते, कारण अनेक यंत्रांची चाचणी केवळ विंडोजवरच झालेली असते आणि खरे नाव सांगितले तर ती नीट चालत नाहीत. विंडोज ८ आल्यावर मात्र हे सोंग अंगाशी आले. नवी विंडोज दिवा स्वतःच चालवील, असे धरून अनेक उत्पादकांनी फर्मवेअरमधील जुनी व्यवस्था वाऱ्यावर सोडली. लिनक्स त्याच मोडक्या व्यवस्थेवर विसंबून राहिले.

१५/२२
परिणाम असा की एकाच लॅपटॉपवर दिव्याची दोन-दोन, कधी तीन-तीन नियंत्रणे दिसत. त्यांतील एक खरे, बाकीची नुसती नावाची. आकडा बदले, पडदा जैसे थे. २०१३ मध्ये कर्नलने जुनी व्यवस्था सरसकट बंद करून पाहिली. तेव्हा आधी चालणारी काही यंत्रे बिघडली आणि तो बदल मागे घ्यावा लागला. त्यानंतर कित्येक वर्षे एकेका यंत्राचे अपवाद नोंदवून काम भागवले गेले. वापरकर्तेही संगणक सुरू होतानाच्या आज्ञेत एखादा शब्द घालून नशीब अजमावीत. हान्स दे हूदे या विकासकाने ही सारी वीण उसवून नव्याने विणली. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून एका पडद्याला एकच नियंत्रण मिळावे, अशी व्यवस्था झाली.

१६/२२
कर्नलमध्ये डोळा आणि हात दोन्ही आले, तरी त्यांना जोडणारा मेंदू हवा होता. बास्तियाँ नोसेरा यांनी ‘आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी’ हा मध्यस्थ लिहिला. संवेदक कोणत्याही जातीचा असो, हा त्याची खबर घेऊन एकाच पद्धतीने पुढे देतो. आकडा लक्समध्ये आहे की उत्पादकाच्या मनाच्या मापात, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण चाचणी कशावर करायची? सर्व विकासकांपाशी संवेदक असलेला लॅपटॉप नव्हता. रिचर्ड ह्यूज यांनी त्यावर तोडगा काढला : यूएसबीला जोडता येणारा, रचना आणि फर्मवेअर दोन्ही उघडे असलेला छोटासा उजेड-मापक. त्याचे नाव ‘कलरहग-एएलएस’. हत्यार नव्हते, म्हणून आधी हत्यार घडवले.

१७/२२
सप्टेंबर २०१५ मध्ये ‘ग्नोम’ या लोकप्रिय डेस्कटॉपच्या ३.१८ आवृत्तीत आपोआप उजळपणाची सोय आली. तिच्या सूत्रामागचा विचार समजून घेण्याजोगा आहे. कोणत्या उजेडाला पडदा किती उजळ असावा, याचा ठराविक तक्ता त्यात नव्हता. माणसाने हाताने जो उजळपणा ठेवला आहे, तोच या क्षणी योग्य, असे ते धरून चाले. पुढे उजेड बदलला की त्या प्रमाणात पडदा बदले. माणसाने पुन्हा हात लावला की जुना हिशेब पुसून नवा सुरू. अखेरचा शब्द कोणाचा, या आपल्या मूळ प्रश्नाला दिलेले हे उत्तर होते. तो शब्द माणसाचा.

१८/२२
विचार उमदा, पण सूत्र सरळ गुणोत्तराचे. समजा, १०० लक्सला तुम्ही पडदा ४० टक्क्यांवर ठेवला. खिडकीवर ढग आला, उजेड ५० लक्स झाला, तर हिशेब पडद्याला २० टक्के सांगतो. उजेड २५० लक्स झाला की थेट १००. डोळ्याला मात्र ५०, १०० आणि २५० यांतील फरक इतका मोठा वाटत नाही. फेख्नरच्या पणत्या येथे विसरल्या गेल्या. दुसरी अडचण उतावीळपणाची. मुंबई-पुणे गाडीत बोरघाटातील बोगदे लागोपाठ येतात तेव्हा ऊन आणि अंधार सतत अदलाबदल करतात. पडदाही तसाच उघडझाप करू लागला तर वाचणार कसे? म्हणून सूत्रात ताज्या आकड्यासोबत मागील आकड्यांची सरासरी धरली होती. ती फार धरली तर पडदा सुस्त, कमी धरली तर चंचल. हा तोल साधणे सोपे नव्हते. बरेच लोक ही सोय बंदच करून ठेवत.

१९/२२
विरोधाभासाचा कळस २०२२ मध्ये झाला. सहज दुरुस्त करता येणारे लॅपटॉप बनवणारी ‘फ्रेमवर्क’ ही कंपनी लिनक्सप्रेमींची आवडती. तिच्या बाराव्या पिढीच्या इंटेल चिपच्या लॅपटॉपवर लिनक्स घातले की पडदा उजळ-मंद करणाऱ्या कळाच चालत नसत. कारण असे की कळांची खबर आणि उजेडाची खबर एकाच वाटेने येई, आणि संवेदक-हबचा ड्रायव्हर ती वाट अडवून बसे. उपाय सुचवला गेला तो हा की संवेदक-हबच्या ड्रायव्हरलाच मज्जाव करा. हात चालावा म्हणून डोळा मिटायचा! २०१० मध्ये संवेदक आणि कळ यांच्या जाती निराळ्या की एक, हा वाद झाला होता. येथे दोन्ही एकाच दारात अडकल्या. पुढे कर्नलमध्ये ही गाठ सोडवण्यात आली.

२०/२२
ज्यांच्या यंत्रात संवेदकच नाही, त्यांनी काय करावे? ‘क्लाइट’ या आज्ञावलीने वेगळी वाट काढली : वेबकॅमने ठराविक वेळाने चित्र टिपायचे, त्याच्या उजळपणावरून भोवतालच्या उजेडाचा अंदाज बांधायचा आणि चित्र टाकून द्यायचे. ‘डब्ल्यूलुमा’ ही आज्ञावली आणखी पुढे गेली. पडद्यावर या क्षणी पांढरे पान आहे की काळी खिडकी, हेही ती पाहते आणि माणूस वेळोवेळी जी दुरुस्ती करतो तीतून त्याची आवड शिकते. म्हणजे तक्ता उत्पादकाचा नव्हे, सूत्र विकासकाचे नव्हे; तक्ता ज्याच्या त्याच्या डोळ्यांचा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आजोबा आणि रात्री अभ्यास करणारी नात यांना एकच तक्ता लागू पडत नाही, हे साधे सत्य येथवर यायला इतकी वर्षे लागली.

२१/२२
एक सावली मात्र नोंदवायला हवी. उजेडाचा संवेदक निरुपद्रवी, असे सर्वांनीच धरले होते. ब्राउझरमधून संकेतस्थळांनाही त्याचा आकडा वाचता येई. २०१७ मध्ये लुकाश ओलेजनिक या संशोधकाने सहकाऱ्यासह दाखवून दिले की पडद्याचा उजेड चेहऱ्यावरून वा भिंतीवरून परतून संवेदकावर पडतो आणि त्यातून तुम्ही कोणती पाने पाहिली आहेत याचा सुगावा लावता येतो. २०१८ मध्ये फायरफॉक्सने ही वाट मूळ मांडणीतच बंद केली. पुढे २०२४ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी केवळ या संवेदकाच्या आकड्यांतून पडद्यावरील हाताच्या हालचालींची धूसर चित्रे उभी केली. म्हणून संवेदकाची खबर कोणाला द्यायची हे ठरवणारा मध्यस्थ असावा आणि त्याची आज्ञावली कोणालाही वाचता यावी, हा आग्रह केवळ तत्त्वाचा राहिलेला नाही.

२२/२२
आपल्याकडे लिनक्सचा लॅपटॉप असेल तर पडताळा घ्यावा. टर्मिनलमध्ये ‘मॉनिटर-सेन्सर’ ही आज्ञा चालवावी, पडद्याच्या कडेवरच्या ठिपक्यावर बोट ठेवावे आणि काढावे. लक्सचा आकडा उतरून पुन्हा चढला, तर डोळा जागा आहे. मग सेटिंग्जमधील वीजवापराच्या पानावर आपोआप उजळपणाची कळ मिळेल. बोट ठेवताच उतरणारा तो आकडा पाहताना स्मिथची पेटी आठवावी. सरकते झाकण बंद केले की आकडा बदलत असे, तोच हा प्रयोग. १८७३ मध्ये कारण शोधून ते प्रसिद्ध केले गेले, म्हणून पुढच्यांना वापरता आले. लिनक्समध्येही फसलेले प्रयत्न, नाकारलेली योजना आणि मागे घेतलेले बदल, सारे दप्तरी नोंदलेले आहे. हा धागा लिहिता आला, तो त्यामुळेच. तुमच्या यंत्रावर आकडा हलतो की नाही, खाली अवश्य कळवा.